माळवदावरची वाट

शके १८५७, कार्तिक वद्य ३

आज पूजा आटोपून पानावर बसणार, तोच म्युनिसिपालिटीचे ओव्हरसियर उपळेकर दारात येऊन उभे राहिले. वयानं आमच्या मुलाएवढे, कमलाकराएवढे असतील. डोक्याला हॅट, हातात मापाची फीत. "गुरुजी, तुमच्या माळवदावर जरा जाऊ का?" म्हणाले. मला वाटलं, छप्पर गळतं की काय ते बघायला आले.

परसातल्या दगडी पायऱ्यांनी त्यांना वर घेऊन गेलो. त्यांनी आमच्या माळवदाकडे पाहिलंच नाही. कडेला जाऊन समोरच्या चाळीकडे पाहत राहिले. मधे अरुंद बोळ, आणि पलीकडे चनबसप्पांची चाळ. तीन मजले, सगळे गिरणीतले लोक. चढायला-उतरायला मधोमध एकच लाकडी जिना. त्या चाळीच्या सगळ्यात वरच्या मजल्याची गॅलरी आणि आमचं माळवद बरोबर एका उंचीवर आहे. पंचवीस वर्षं या घरात राहतो, पण हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

उपळेकरांनी सगळं नीट समजावून सांगितलं. म्युनिसिपालिटीनं आगीबद्दल नवे नियम केले आहेत. इतकी माणसं जिथं वर राहतात तिथं उतरायला दुसरी वाट हवी. चनबसप्पांना नोटीस गेली. पण चाळीत दुसरा जिना घालायचा तर प्रत्येक मजल्यावरच्या खोल्या मोडाव्या लागतात, आणि जुन्या मातीच्या भिंतींना तो भार सोसायचा नाही. चनबसप्पा म्हणतात, एवढं करण्यापेक्षा भाडेकरू काढतो आणि गोदाम करतो.

"नियम नव्या इमारती डोळ्यांपुढं ठेवून लिहिलेत, गुरुजी," उपळेकर म्हणाले. "जुन्या चाळीला ते जसेच्या तसे लावले तर चाळ सुरक्षित होईल, पण रिकामी होईल. मला थोडी सवलत द्यायचा अधिकार आहे. त्या गॅलरीतून तुमच्या माळवदावर फळ्यांचा पूल टाकला, तर लोक तुमच्या परसातल्या पायऱ्यांनी खाली उतरतील. तुमच्या घरात कोणी येणार नाही."

मी म्हणालो, "आपण आत्ता उभे आहोत ना, बरोबर त्याखाली माझं देवघर आहे."

ते चटकन दोन पावलं मागं सरले. मुलगा चांगल्या घरातला दिसतो. विचार करून सांगतो म्हणालो.

कार्तिक वद्य ५

घरात बोलणं काढलं. सौ. म्हणाली, "देवाच्या डोक्यावरनं सगळी चाळ चालत जाणार? वेळ-काळ, विटाळ-चांडाळ कोण बघणार?" तिचं म्हणणं खोटं नाही. मुरलीधराची पूजा आमच्या घराण्यात चार पिढ्यांची. देवळात मी पगारी पुजारी असेन, पण घरातला देव आमचा आहे.

सरोजिनी भाकरी थापत होती. माझी सून. कमलाकर जेऊरच्या स्टेशनात तारबाबू आहे, त्याला अजून राहायला जागा मिळाली नाही म्हणून ती आमच्याकडे असते. इंग्रजी चार इयत्ता शिकलेली. तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "मामंजी, मांजरं नि कावळे जातातच की वरून."

मी हसलो. पण सुनेनं सासऱ्याला असं म्हणावं का, हा प्रश्न मनात राहिला.

कार्तिक वद्य ९

आज बिरप्पा आला होता. वरच्या मजल्यावर राहतो, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर असतो. मूळचा दुधनीकडचा. अंगणात उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

म्हणाला, "महाराज, मालक खोल्या खाली करा म्हनतोय. आता आमी कुटं जावं? बायकू बाळंतीण हाय. पोरगी अजून मान धरंना."

मी म्हणालो, "अरे, मला तुमचं वाईट करायचंय का? पण खाली देव आहेत."

"त्ये आमाला कळतंय की," तो म्हणाला. "म्हनून तर आलो. आमी वरनं येनार न्हाय, महाराज. सायबाला कागदावर वाट पायजे, ती नुस्ती असू द्या. देवाच्या डोक्यावर पाय ठिवायला आमी काय येडं हाव? माजा शब्द हाय. समद्यांच्या वतीनं सांगतो."

किती समजूतदार माणूस! शिकलेल्यांना जे सांगून पटत नाही ते याला न सांगता कळतं. माझं मन एकदम मोकळं झालं. होकार द्यायचं ठरवलं.

कार्तिक वद्य ११

उपळेकर, चनबसप्पा आणि मी असे तिघे ओसरीवर बसलो. मी म्हणालो, पुलाच्या माझ्या बाजूला फाटक हवं आणि त्याला कुलूप हवं. किल्ली माझ्याकडे राहील, संकटाच्या वेळी मी उघडीन.

उपळेकरांनी मान हलवली. "कुलूप नाही, गुरुजी. कुलूप लावलेल्या वाटेला मी वाट म्हणून सही करणार नाही. वाटलं तर साधी कडी लावा. ती दोन्ही बाजूंनी उघडली पाहिजे."

बराच वेळ बोलणं झालं. शेवटी कडी ठरली. माझ्या आग्रहावरून संमतीपत्रात 'केवळ संकटसमयी' असे शब्द घातले. ते लिहिताना उपळेकर जरा थांबले होते, पण लिहिले.

उठताना ते चनबसप्पांना म्हणाले, "आणि जिन्याखालच्या खोलीत तुम्ही रद्दी कापूस भरून ठेवलाय, तो आधी काढा." चनबसप्पा म्हणाले, "हो हो, हलवतोच की." मला त्यांनी पेढ्यांचा पुडा दिला आणि माझ्या पाया पडले. म्हणाले, तुमच्या पुण्याईनं चाळ वाचली.

रात्री झोप चांगली लागली.

पौष शुद्ध १२

पुलाचं काम निम्म्यावर आलंय. सुतार उद्यापासून येणार नाहीत, गड्ड्याची जत्रा झाल्यावरच येऊ म्हणाले. सागवानी फळ्या आहेत, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे. उपळेकर स्वतः उभे राहून काम करून घेतात. आमच्या माळवदाच्या तुळया त्यांनी ठोकून-ठोकून पाहिल्या, एका ठिकाणी खालून टेकू दिला. त्यांचं काम चोख, हे मान्य केलं पाहिजे.

सरोजिनी दुपारची वाळवण बघायच्या निमित्तानं वर जाते. पलीकडच्या गॅलरीत बिरप्पाची बायको गौरम्मा मुलीला पायांवर घेऊन न्हाऊ घालत असते. दोघी बोळावरून बोलतात. गौरम्माचं मराठी निम्मं कानडी. सरोजिनीला आता थोडं कानडी येऊ लागलंय. आज जेवताना मला "ऊट आयितु?" म्हणजे 'जेवण झालं का?' असं विचारलंन. सौ.ला आवडलं नाही. मला गंमत वाटली.

माघ शुद्ध ७, रथसप्तमी

आज पुलाची पाहणी होती. उपळेकरांचा विचार असा की, चाळीतल्या झाडून सगळ्या माणसांनी एकदा पुलावरून येऊन परसातून उतरून जावं. "पायांना वाट माहीत पाहिजे, गुरुजी. संकटात माणूस रोजच्याच वाटेनं पळतो. नवी वाट सुचत नाही."

पण आज रथसप्तमी. अंगणात सूर्याची पूजा मांडलेली, माडीवर देव. सगळी चाळ आज आपल्या डोक्यावरून नको, असं मी त्यांना हात जोडून सांगितलं. पुढं कधीतरी करू म्हटलं. बिरप्पाही गॅलरीतून म्हणाला, "जाऊ द्या की सायेब. वाट दिसतीया समद्यांना."

शेवटी बिरप्पा आणि आणखी एक गडी मधल्या फळीपर्यंत आले, दोन-चार उड्या मारून पूल हलत नाही याची खात्री केली आणि मागं फिरले. उपळेकरांनी सही केली. त्यांच्या तोंडावर समाधान नव्हतं. तरुण माणसांना सगळं पुस्तकाप्रमाणं व्हायला हवं असतं.

फाल्गुन शुद्ध ४

आज एक प्रसंग घडला. तो जसा घडला तसा लिहून ठेवतो.

सकाळी अभिषेक चालू होता. वर पावलं वाजली. आधी वाटलं सरोजिनी असेल, पण पावलं दोघींची होती, आणि हसण्याचा आवाज. चित्त लागेना. कसाबसा अभिषेक उरकून वर गेलो.

गौरम्मा आमच्या माळवदावर बसून मिरच्या पसरत होती. मूल सरोजिनीच्या मांडीवर. चाळीच्या गॅलरीत ऊन येत नाही म्हणून सरोजिनीनंच तिला बोलावलं होतं.

मी ओरडलो नाही. हे मुद्दाम लिहितो. अगदी शांतपणे म्हणालो, "बाई, खाली देव आहेत. ही वाट संकटासाठी आहे. बिरप्पानं मला शब्द दिलाय."

ती घाबरून उठली. मिरच्या ओच्यात भरू लागली. काही सांडल्या त्या एकेक करून वेचल्या. जाताना वाकून माळवदाला हात लावला, तो कपाळाला लावला आणि म्हणाली, "चुकलं, महाराज. पुन्ना न्हाई."

ती गेल्यावर मी गोमूत्र शिंपडलं. ती गॅलरीत उभी राहून बघत होती, हे नंतर लक्षात आलं. पण त्यात तिला वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. हे आमच्याकडे नेहमीच करतात.

फाल्गुन शुद्ध ११

त्या दिवसापासून सगळं सुरळीत आहे. पुलावर चिटपाखरू फिरकत नाही. गौरम्मानं चाळीत सगळ्यांना सांगितलेलं दिसतं. परवा एक मूल फाटकापाशी खेळायला आलं, तर अंबुबाई म्हणून एक म्हातारी आहे, तिनं त्याला ओढून नेलं. "देवाची जागा हाय ती, तितं जायचं न्हाई," असं सांगताना मी ऐकलं. बरं वाटलं. एका शब्दानं काम झालं, कुलूप लागलं नाही.

सरोजिनी हल्ली माझ्याशी कामापुरतंच बोलते. कमलाकराची आठवण येत असेल. त्याला जागेबद्दल पुन्हा लिहायला हवं.

फाल्गुन वद्य ७

लिहवत नाही. तरी लिहितो.

सकाळी पूजेला बसलो होतो. पहिल्या पाळीचे गडी गिरणीत गेलेले. पलीकडे गलका ऐकू आला. बायका नळावर भांडत असतील असं वाटलं. मग धुराचा वास आला. गिरणीचं धुराडं जवळच आहे, वारा फिरला की वास येतो. अभिषेकाची धार चालू होती, ती मध्येच तोडता येत नव्हती. सरोजिनी धावत परसातल्या पायऱ्या चढली, ते ऐकू आलं. धार संपवली, देव पुसले, वस्त्र घातलं, आणि मग उठलो.

किती वेळ गेला असेल? फार नाही. पण गेला.

वर पाहतो तर चाळीच्या मधल्या जिन्यातून काळा धूर नुसता उसळत होता. जिन्याखालचा कापूस पेटला होता. खालच्या दोन मजल्यांतली माणसं बोळात होती, कोणी शिड्या लावत होतं, कोणी घागरी आणत होतं. वरच्या गॅलरीत सगळ्या बायका पोरांना धरून पुलाच्या तोंडाशी उभ्या होत्या. फाटकाची कडी काढलेली होती, फाटक सताड उघडं होतं. आणि पुलावर कोणी नव्हतं.

सरोजिनी अलीकडे माळवदावर उभी, कडेवर बिरप्पाची मुलगी. ती ओरडत होती, "अगं या ना! या!" आणि त्या तिच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहत होत्या.

अंबुबाईनं पदरानं तोंड धरून विचारलं, "महाराज, येऊ का वो?"

मी 'या' म्हणालो. लगेच म्हणालो, असं मला आठवतं. पण सरोजिनी म्हणते की मी नुसता उभा होतो, आणि तिनंच पुलावर जाऊन अंबुबाईला धरून ओढलं, मग बाकीच्या धावल्या. मला तर माझा आवाज ऐकू आल्यासारखा वाटतो.

सगळ्या परसातून खाली उतरल्या. पुलाला काही झालं नाही. उपळेकरांचं काम पक्कं.

गौरम्मा त्यांच्यात नव्हती. ती आधीच जिन्यानं उतरायला गेली होती. मधल्या मजल्यावर सापडली. अंगावर ओलं घोंगडं होतं. सिव्हिल हॉस्पिटलात नेलंय.

फाल्गुन वद्य ९

गौरम्मा गेली. बिरप्पा हॉस्पिटलच्या पायरीवर बसला होता. मी गेलो होतो. त्यानंच उठून मला नमस्कार केला.

मूल आमच्याकडेच आहे. सौ.नं आपण होऊन त्याला मांडीवर घेतलं आणि बोंडल्यानं दूध पाजलं. विटाळाचं नावही काढलं नाही.

फाल्गुन वद्य १२

पंचनामा झाला. फौजदार, उपळेकर, चार पंच. कापसाबद्दल चनबसप्पांवर खटला होणार असं दिसतं. ते सारखं एकच सांगत होते की, दुसरी वाट मी माझ्या खर्चानं करून दिली होती, आता कोणी ती वापरली नाही तर मी काय करू?

फौजदारांनी बायकांना विचारलं, "फाटकाला कुलूप होतं का?"

"न्हाई जी."

"कोणी अडवलं का?"

"न्हाई जी. कुनी न्हाई अडवलं. महाराज या म्हनले."

अंबुबाई तर म्हणाली, "महाराजांच्या किरपेनं वाचलो."

फौजदारांनी माझ्याशी आदरानं हस्तांदोलन केलं. माझ्यावर कसलाही ठपका नाही. घरी येताना मन हलकं झालं होतं.

ओसरीवर सरोजिनी मुलीला झोपवत होती. मी पंचनाम्याची हकिगत सांगितली. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मामंजी, गौरम्मा जिन्यानं का गेली, हे कोणीच विचारलं नाही."

"घाबरली असेल," मी म्हणालो.

"ती घाबरली नव्हती." तिनं मूल खाली ठेवलं. "मी वर पोचले तेव्हा ती पुलावर होती, मधल्या फळीपर्यंत आलेली. तिनं मुलगी माझ्या हातात दिली. मी म्हटलं, तू पण ये. तर म्हणाली, 'पोरीचं चालतंय की, अक्का. मी जिन्यानं येते. महाराज पूजेत हायत.' आणि मागं फिरली. तोवर जिन्यात इतका धूर नव्हता. मला वाटलं, उतरेल. मी तिचा हात धरला नाही."

ती रडली नाही. इतकंच बोलून आत गेली.

फाल्गुन वद्य १३

आज देवळात माझ्याऐवजी दुसऱ्याला पाठवलं. अंगात कणकण आहे असं सांगितलं. कणकण नाही.

फाल्गुन वद्य ३०

उपळेकरांच्या कचेरीत गेलो. मला टेबलाजवळची खुर्ची दिली. मी त्यांना मिरच्यांचा प्रसंग सांगितला, गोमूत्राचंही सांगितलं, पूजेतून उठायला उशीर झाला तेही. म्हणालो, हे पंचनाम्यात घाला.

त्यांनी नियमांचं पुस्तक पुढं ओढलं. मग म्हणाले, "कुठल्या कलमाखाली घालू, गुरुजी? वाटेची रुंदी किती, कठड्याची उंची किती, फळी किती जाड, सगळ्याला कलम आहे. लोकांना त्या वाटेवर पाऊल टाकायची भीती वाटू नये, असं कुठं लिहिलेलं नाही." हॅट हातात घेऊन फिरवत राहिले. "माझंही चुकलं. सगळ्यांना एकदा चालवल्याशिवाय सही करायची नव्हती. सण आहे म्हणालात, मला आग्रह धरवेना."

मी म्हणालो, "तुम्ही लहान आहात. आग्रह मी मोडला."

ते उठले. मला कचेरीच्या फाटकापर्यंत पोचवायला आले.

शके १८५८, चैत्र शुद्ध ५

यंदा गुढी उभारली नाही.

बिरप्पा मुलीला दुधनीला सासूकडे ठेवून परत आलाय. आज त्याच्याकडे गेलो. चाळीत पाऊल टाकायची माझी पहिलीच वेळ. जळका जिना काढून तात्पुरती बांबूची शिडी बांधली आहे. या वयात ती चढताना दम लागला. वर पोचलो तेव्हा अंबुबाई तोंडात पदर धरून माझ्याकडे बघत राहिली.

बिरप्पानं घाईघाईनं घोंगडं अंथरलं, मग ते अंथरावं की नाही अशा विचारात पडून तसाच उभा राहिला. मी बसलो. खोली एवढीशी. भिंतीला धुराचा काळा पट्टा. दोरीवर तिचं एक लुगडं अजून होतं.

मी म्हणालो, "बिरप्पा, मी तिला वरून उठवलं होतं. मिरच्या वेचायला लावल्या होत्या. तुला माहीत आहे का?"

"सांगितलं व्हतं तिनं," तो म्हणाला. "महाराज काय वाईट बोलले न्हाईत, म्हनली. आपलंच चुकलं, म्हनली."

"तिचं चुकलं नव्हतं."

तो हाताच्या बोटांकडे बघत होता. "महाराज, तुमचं काय न्हाई त्यात. शब्द मी दिला व्हता. वरनं येनार न्हाय म्हनून. खोली जाईल म्हनून भ्यालो, आन् दिला. घरी येऊन तिला बी सांगितलं, माजा शब्द हाय, पाय ठिवायचा न्हाय. ती माज्यासाटी एकदा बोलनं खाऊन आली. दुसऱ्यांदा मला खाली बघायला लावनार न्हाय, असं तिच्या मनात आसंल. लई मानी व्हती."

मी म्हणालो, "त्या शब्दातून मी तुला मोकळं करतो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"आता कशाला, महाराज?" म्हणाला.

बाहेर येताना त्यानं मला शिडीवर हात दिला.

चैत्र शुद्ध १२

सौ.ला म्हणालो, देवघर खाली ओसरीच्या खोलीत आणावं का? म्हणजे वरून कोणीही जावो. ती म्हणाली, "देव हलवून काय होणार? लोकांना वाटेल, आपल्यामुळं देवाला घर सोडावं लागलं. मग तर ते मुळीच येणार नाहीत." मला हे सुचलं नव्हतं. देव तिथंच ठेवला.

आज पूजेत मन लागलं नाही. सारखं वर कान होता. वर काहीच वाजत नव्हतं.

वैशाख शुद्ध ६

चाळीला नवा लोखंडी जिना बसला. खालची खोली रिकामी झाली, तिथं आता वाळूच्या बादल्या आहेत. उपळेकर आज सांगून गेले की पुन्हा पाहणी करायची, आणि या खेपेला एकूण एक माणूस पुलावरून गेल्याशिवाय सही नाही. मी म्हणालो, उद्याच करा. सुट्टीचा दिवस आहे, सगळे घरी असतील. उद्या पूजा उशिरा करीन.

वैशाख शुद्ध ७

सकाळी वर गेलो. उपळेकर माळवदावर कागद घेऊन उभे. पलीकडे गॅलरी माणसांनी भरलेली. बायका, पोरं, गडी, सगळे. फाटक मी सकाळीच उघडून ठेवलं होतं.

मी म्हणालो, "या."

कोणी हललं नाही. अंबुबाईनं खाली बोट दाखवून हात जोडले. म्हणाली, "वाट दावली की झालं, महाराज. येळ आली तर येऊ."

मी पुन्हा म्हणालो, "या, आजी." माझा आवाज नीट फुटत होता. तरी त्या जागच्या जागी. मी मालकासारखा अलीकडे उभा राहून बोलावत होतो, आणि त्या पलीकडे. असं उभं राहून हे व्हायचं नाही, हे त्या क्षणी कळलं.

मी पुलावर पाऊल टाकलं. खाली बोळ दिसतो, डोकं जरा गरगरतं. पलीकडे गेलो, अंबुबाईपुढं हात धरला आणि म्हणालो, "मला उंचीची भीती वाटते. परत जाताना धरा मला."

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग आपला हात लुगड्याला पुसला, दोनदा पुसला, आणि माझा हात धरला. आम्ही दोघं हळूहळू अलीकडे आलो. माळवदावर पाय टेकताना ती क्षणभर थांबली. मी थांबलो नाही म्हणून तिला यावंच लागलं. मागून सरोजिनीनं दोन पोरांना ओढून आणलं. मग पुरुष आले. मग सगळ्या बायका. देवघराच्या बरोबर वरून, एकामागून एक, परसातल्या पायऱ्यांकडे. सौ. पायऱ्यांशी उभी राहून पोरांच्या हातावर खडीसाखर ठेवत होती. पोरांना खेळ वाटला. पोरं बोळातून वळसा घालून नव्या जिन्यानं धावत वर गेली आणि पुन्हा पुलावरून आली.

शेवटी गॅलरीत बिरप्पा एकटा राहिला.

तो पुलाच्या तोंडापर्यंत आला. कठड्यावर हात ठेवला. मधल्या फळीकडे पाहत होता. मी अलीकडे उभा, आमच्यात तो बोळ. मी तोंड उघडलं, पण 'ये' म्हणायचा मला अधिकार आहे असं वाटेना. तो बराच वेळ तसाच उभा राहिला. मग वळला आणि नव्या जिन्यानं खाली गेला. लोखंडावर त्याच्या वहाणा वाजताना खालपर्यंत ऐकू आल्या.

उपळेकरांनी कागद काढला. "सगळे झाले, गुरुजी. एवढ्या एका माणसासाठी अडवत नाही. झाले असं लिहितो."

मी म्हणालो, "नाही. एक जण आला नाही, असं लिहा."

"कारण लिहावं लागेल."

"माझं नाव लिहा," मी म्हणालो.

ते पेन्सिल धरून उभे राहिले. त्यांनी पुढं काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. मी खाली आलो आणि पूजेला बसलो. वर अजून पोरांची पावलं वाजत होती. आज अभिषेकाला फार वेळ लागला. धार सारखी तुटत होती.